रिकाम्या सिलिंडरपासून सुरुवात: साइडमाउंटच्या सामानाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

कमरेकडे आता काणाडोळा करून चालणार नाही. स्कूबा डाइव्हनंतर पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बोटीची शिडी चढताना शेवटच्या दोन पायऱ्यांवर कळ येते आणि पुढे दोन दिवस ठाण मांडून बसते. साइडमाउंटमध्ये सिलिंडर पाठीवर नाही, अंगाच्या दोन बाजूंना असतात; पाण्यात उतरल्यावर ते अंगाला अडकवायचे आणि वर येण्याआधी पाण्यातच सोडवून बोटीवर द्यायचे. शिडी चढताना अंगावर फक्त हार्नेस, म्हणजे सामान अडकवायचे पट्टे, राहतो. मला एवढंच हवं होतं.

चौकशी करत गेले तसं दुसरं कारण जास्त पटत गेलं. दोन सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र रेग्युलेटर (ज्यातून श्वास घ्यायचा) आणि गेज (उरलेल्या हवेचा दाब दाखवणारं), आणि दोन्ही वॉल्व्ह काखेपाशी, मान जरा वळवली की दिसतील असे. पाठीवरच्या वॉल्व्हपर्यंत माझा हात कधीच नीट पोचला नाही. मागून बुडबुडे यायला लागले की ते कुठून येताहेत हे जोडीदाराला खुणेने विचारावं लागतं. त्या अर्ध्या मिनिटात जो धसका बसतो तो मला नको आहे.

कोर्स महिन्याभराने आहे. तोवर सामान ठरवायचं. ही वही त्यासाठीच.

११ ऑक्टोबर

हार्नेसची यादी करून प्रशिक्षक सरांना दाखवली. पाच बनावटी, त्यांचे पट्टे, विंगचा (हवा भरून पाण्यात तोलून धरणाऱ्या पिशवीचा) आकार, कुठे किती डी-रिंग (सामान अडकवायच्या कड्या), सगळं लिहिलं होतं. त्यांनी कागद उलटा ठेवला.

"हार्नेसचं नंतर बघू. तुम्ही सिलिंडर कुठले वापरणार? आणि भरलेला सिलिंडर कसा वागतो ते सांगू नका. संपत आलेला कसा वागतो ते सांगा."

मला सांगता आलं नाही. पाठीवर घट्ट बांधलेला सिलिंडर हलका झाला तरी जागचा हलत नाही, म्हणून इतक्या वर्षांत त्याचा विचारच केला नव्हता. बगलेत दोन ठिकाणी अडकवलेला सिलिंडर मात्र हलका होत गेला की फिरतो, उचलला जातो.

१२ ऑक्टोबर

सरांच्या बोलण्याचा उलगडा या पद्धतीचा इतिहास वाचताना झाला. १९६० च्या दशकात ब्रिटनमधले गुहाशोधक पाण्याने भरलेल्या अरुंद बोगद्यांतून पलीकडे जाण्यासाठी लहान सिलिंडर कमरेच्या पट्ट्याला लावायचे. त्यांचा बराचसा प्रवास सरपटत आणि चालत व्हायचा, पाण्याखाली पोहणं थोडंच. सिलिंडर आडवा राहतो की लोंबतो याने फारसं बिघडत नव्हतं. पुढे फ्लोरिडाच्या गुहांमध्ये लांबवर पोहायचं आलं, तेव्हा तिथल्या लोकांनी सिलिंडरची मान बगलेपर्यंत वर आणली आणि ती तिथे धरून ठेवायला सायकलची ट्यूब वापरली. आजची बंजी, म्हणजे ताणली जाणारी रबरी दोरी, त्या ट्यूबचीच वारसदार.

मला इथे एक गोष्ट कळली. फ्लोरिडात जड स्टीलचे सिलिंडर रुळले, म्हणून तिथल्या हार्नेसना मागे, नितंबांवर, सिलिंडरचं बूड अडकवायला कडक पट्टी असते. मेक्सिकोच्या गुहांमध्ये ॲल्युमिनियमचे सिलिंडर चालतात. तिथे स्टीव्ह बोगार्ट्स यांनी केलेला रेझर हा हार्नेस म्हणजे जवळजवळ नुसते पट्टे आणि कमरेवरच्या डी-रिंग. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. सिलिंडर कुठला हे न ठरवता मी या दोन घराण्यांची एका कागदावर तुलना करत बसले होते.

१८ ऑक्टोबर

आजचा दिवस वजनकाट्याचा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा, दोन मीटर दोरी आणि दोन ॲल्युमिनियम ८० सिलिंडर (८० हे त्यांच्या आकाराचं नाव) घेऊन तलावावर गेले. एक २०० बारचा (बार हे दाबाचं एकक), दुसरा कालच्या वर्गातून उरलेला, ५० बारचा. दोघांनाही रेग्युलेटर लावला, कारण डाइव्हमध्ये तो असतोच. जोडीदार काठावर पालथा पडून काटा धरून होता, मी पाण्यात.

भरलेला सिलिंडर: काट्यावर २ किलो. शांतपणे, किंचित तिरका लटकत होता.

५० बारचा: काटा शून्यावर. दोरी सैल. सिलिंडर बुडतही नव्हता आणि तरंगतही नव्हता, पण तो आडवा राहायला तयार नव्हता. मान खाली, बूड वर, जवळजवळ उभा. मी दोन बोटांनी बूड खाली दाबलं आणि सोडलं. ते सावकाश पुन्हा वर आलं. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. वॉल्व्ह आणि फर्स्ट स्टेजचं (रेग्युलेटरच्या वॉल्व्हवर बसणाऱ्या भागाचं) सगळं पितळ मानेपाशी असतं आणि हवा गेलेलं बूड फुग्यासारखं होतं. एकूण वजन शून्य असलं तरी दोन टोकं विरुद्ध दिशांना ओढत असतात.

हिशेबही जुळला. या सिलिंडरची पाण्याची क्षमता ११.१ लिटर. २०० बारला सुमारे २,२२० लिटर हवा, लिटरला १.२ ग्रॅम धरले तर एका सिलिंडरात जवळपास २.७ किलो हवा. त्यातली १५० बार वापरली की २ किलो कमी. काट्याने दाखवलेला फरक तेवढाच होता.

हे तलावाचं गोडं पाणी. सिलिंडरचं बाहेरून आकारमान साधारण १६ लिटर आहे आणि समुद्राचं पाणी अडीच टक्के जड. म्हणजे समुद्रात प्रत्येक सिलिंडर आणखी ४०० ग्रॅमने वर ओढेल. तलावात शून्य, तर समुद्रात चक्क तरंगणार.

१९ ऑक्टोबर

सिलिंडर ठरले: ॲल्युमिनियम ८०, दोन.

स्टीलचा मोह होता. १२ लिटरचा स्टीलचा सिलिंडर रिकामा झाला तरी बुडतोच, बूड उचलत नाही, जागचा हलत नाही. थंड पाण्यात जाड सूट किंवा ड्रायसूट घालणाऱ्याला तो वरदान आहे, कारण बुडण्यासाठी अंगावर घ्यायचं शिसं तेवढं कमी लागतं. मी उबदार पाण्यात ५ मिलिमीटरच्या सुटात उतरते. दोन भरलेले स्टीलचे सिलिंडर घेतले आणि विंग फाटली, तर ते वजन पायांनी मारून वर आणणं माझ्या आवाक्यातलं नाही. कमरेचं वजन सोडून देता येतं, सिलिंडर असा सोडून देता येत नाही.

२४ ऑक्टोबर

वापरलेली एक जोडी बघायला गेले. परीक्षणाचे शिक्के खांद्यावर स्पष्ट होते, आतून दिवा लावून पाहिलं तर गंज किंवा पांढरी पूड नाही. मिश्रधातू ६०६१. जुन्या ६३५१ च्या सिलिंडरना मानेपाशी तडे जाण्याचा इतिहास आहे, म्हणून ते मी कितीही चांगले दिसले तरी घेणार नव्हते.

सगळं ठीक होतं, घरी आणले, अंगाला लावून पाहिले आणि लक्षात आलं की दोन्ही वॉल्व्ह उजव्या हाताचे आहेत. विकणाऱ्याने "साइडमाउंटची जोडी" म्हटलं होतं आणि मी नॉब कुठल्या बाजूला आहेत हे पाहिलं नाही. उजवीकडचा नॉब बाहेरच्या बाजूला येतो, डावीकडचा छातीशी दबतो. चालवता येतं, पण एक हात बाहेरून आणि दुसरा आतून फिरवायचा. घाबरलेल्या क्षणी हात सवयीने चालतो, विचार करत नाही. मला दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या हव्यात. डाव्या हाताचा एक वॉल्व्ह मागवला. विकणाऱ्याने चूक मान्य केली नाही, मीही वाद वाढवला नाही.

रेग्युलेटर वॉल्व्हला जोडायच्या डिन जोडणीबद्दल मात्र मनात शंका नव्हती. रेग्युलेटर वॉल्व्हच्या आत आट्यांनी बसतो, ओ-रिंग (हवा सुटू न देणारी रबरी कडी) बंदिस्त राहते, धक्क्याने निसटत नाही. बगलेतला वॉल्व्ह कशा ना कशाला घासणारच, तिथे बाहेरून पकडणारी यॉक जोडणी मला नको. २०० बारच्या डिनला पाच आटे असतात, ३०० च्याला सात. माझे रेग्युलेटर सात आट्यांचे आहेत, दोन्हीकडे बसतात.

१ नोव्हेंबर

हार्नेस. दोन उसने आणून घालून पाहिले.

पहिला पाठीवर आणि बाजूला, दोन्ही पद्धतींनी चालणारा. एकाच खरेदीत दोन कामं हा विचार मोहवतो. पण त्याची विंग पाठीवरच्या सिलिंडरसाठी आखलेली, हवा खांद्यांकडे जमते. साइडमाउंटमध्ये हवा कमरेवर आणि नितंबांवर हवी, कारण पाय तिथून खाली जायला बघतात. शिवाय पाठीवर मऊ कापडाचा इतका पसारा की खांदे मागे घेता येईनात.

दुसरा खास साइडमाउंटचा. पाच सेंटिमीटर रुंद पट्टे, पाठीच्या कण्यावर एक छोटी पट्टी, मागे कमरेपाशी विंग, पायांमधून जाणारा पट्टा. कण्याच्या पट्टीची जागा वर-खाली करता येते. हे महत्त्वाचं, कारण माझं धड आखूड आहे. तयार मापात कमरेचा पट्टा ओटीपोटावर यायचा आणि तिथली डी-रिंग इतकी खाली की सिलिंडरचं बूड गुडघ्याकडे झुकायचं. पट्टी चार सेंटिमीटर वर घेतली, बसलं. कमरेच्या डी-रिंग सरकत्या आहेत. रिकाम्या सिलिंडरचं बूड तलावात पाहिल्यामुळे मी आधी तेच पाहिलं.

दुसरा घेतला.

२ नोव्हेंबर

विंगचा आकार. दुकानात मोठ्यात मोठी विंग "सुरक्षित" म्हणून पुढे करतात. मी हिशेब केला.

डाइव्हच्या शेवटी, ५ मीटरवर, दोन्ही सिलिंडर ५० बार आणि विंग रिकामी असताना मी स्थिर राहायला हवी, शिसं त्या बेताने. मग सुरुवातीला माझ्याकडे जास्तीचं वजन किती? दोन्ही सिलिंडरमधली १५०-१५० बार हवा, म्हणजे ४ किलो. खोलवर सूट दबून त्याची तरंगण्याची शक्ती कमी होते, त्याचे तीनेक किलो. एकूण ७. वर थोडी राखीव धरली तर ११-१२ किलो उचलणारी विंग मला पुरे. वीस किलोची विंग दोन स्टील सिलिंडरवाल्याला लागते. माझ्या अंगावर ती सुरकुतेल, सुरकुतीत हवा अडकेल, आणि वर येताना हवा सोडायला जाईन तेव्हा ती झडपेपर्यंत पोचणार नाही.

९ नोव्हेंबर

रेग्युलेटर आणि होज, म्हणजे हवेच्या नळ्या. याला वाटलं होतं त्याहून जास्त दिवस गेले.

माझ्याकडे एक होता, त्याच बनावटीचा दुसरा घेतला. सर्व्हिसचे सुटे भाग एकच आणि श्वास दोन्हीकडून सारखाच येतो. फर्स्ट स्टेजचं वरचं डोकं फिरतं आणि त्याच्या टोकालाही एक पोर्ट (होज जोडायचं छिद्र) आहे. त्यामुळे होज सिलिंडरच्या अंगाला लागून सरळ खाली जातो, बाहेर कमान करत नाही.

उजव्या सिलिंडरवर २.१ मीटरचा लांब होज. जास्तीचा भाग सिलिंडरवरच्या रबरी पट्ट्यांत खाली-वर घडी घालून, मग मानेमागून तोंडाशी. डाव्या सिलिंडरवर ६० सेंटिमीटरचा, कोपरासारखा वळणारा जोड लावून, आणि सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) गळ्यात रबरी माळेत. कुणाची हवा संपली तर त्याला उजवा लांब होज जातो. तो माझ्या तोंडात असेल तर तोंडातला काढून द्यायचा आणि गळ्यातला घ्यायचा. उघड्या समुद्रासाठी दीड मीटरचा होज पुरतो असं सर म्हणाले. मी २.१ वर राहिले. सोबत घेतलेल्या माणसाला माझ्या पुढे, मला दिसेल असं पोहता यायला हवं.

गेजचे होज १५ सेंटिमीटर. पाठीवरच्या सामानातला जुना ८० सेंटिमीटरचा होज आधी लावून पाहिला होता, पोटाखाली लोंबत होता. आता गेज सिलिंडरच्या मानेजवळ वर तोंड करून उभे राहतात, मान वळवली की आकडा दिसतो. विंगमध्ये हवा भरणारा होज डाव्या सिलिंडरवरून. डावा बंद पडला तर तोंडाने फुंकून भरायची. ते करून पाहिलं, जमतं.

१५ नोव्हेंबर

बंजी आणि बोल्ट स्नॅप, म्हणजे सिलिंडर डी-रिंगला अडकवायचे हुक. दोन संध्याकाळी जमिनीवर बसून.

पाठीमागून दोन्हीकडे जाणारी एकच अखंड बंजी की प्रत्येक बाजूला वेगळी? वेगळ्या घेतल्या. एक तुटली तर दुसरी शाबूत आणि दोन्हींचा ताण वेगवेगळा लावता येतो. जाडी ८ मिलिमीटर. सहाची लावून पाहिली, भरलेल्या सिलिंडरच्या वजनाने ताणली जाऊन वॉल्व्ह बगलेतून बरगडीवर उतरला. हात पूर्ण पुढे ताणला तरी वॉल्व्ह बगलेतून सरकू नये, या ताणावर गाठ मारली.

खालच्या बोल्ट स्नॅपची दोरी स्टीलच्या पट्टीत धरली आहे. दोरी नायलॉनची. टोक लायटरवर धरलं, वितळलं की चाकूच्या पात्याने दाबून त्याची चपटी टोपी केली, म्हणजे गाठीतून निसटत नाही. दोरी वॉल्व्हच्या तोंडाच्या रेषेत ठेवली तर सिलिंडर अंगाला लागताना गरकन फिरतो आणि नॉब भलतीकडे जातो. म्हणून पट्टी थोडी फिरवून दोरी शरीराच्या बाजूला घेतली. सिलिंडर खोटा-खोटा अडकवत आठ-दहा वेळा जागा बदलली. शेवटी रंगाच्या पेनाने खूण केली, प्रत्येक वेळी नव्याने शोधायला नको.

२२ नोव्हेंबर

तलावात पहिल्यांदा. भरलेल्या सिलिंडरवर सगळं छान. पहिली वीस मिनिटं वाटलं, झालं काम.

७० बारला डावं बूड उचललं. मला जाणवलं ते कोपर आपटल्यावर. जोडीदाराने काढलेल्या फोटोत डावा सिलिंडर पाठीच्या रेषेच्या वर, बूड आकाशाकडे. उजवा त्यामानाने बरा. डाव्या दोरीची लांबी उजव्यापेक्षा जवळपास तीन सेंटिमीटर जास्त निघाली, गाठ मारताना चुकली. तेवढ्या सैलपणाने बूड वर जायला मोकळीक मिळाली.

दोरी कापून पुन्हा बांधली. शिवाय सरांनी दाखवलं: १२०-१३० बारच्या आसपास बोल्ट स्नॅप बाजूच्या डी-रिंगमधून काढून पोटाकडच्या डी-रिंगमध्ये घालायचा. पुढून धरलं की बूड खाली राहतं. सरकती डी-रिंग असल्याने मला काढण्याचीही गरज नाही, रिंगच पुढे ओढता येते. हातमोज्यांशिवाय दोन सेकंद लागले.

२३ नोव्हेंबर

फक्त हवेची अदलाबदल. उजव्याने सुरुवात, ३० बार गेले की डावा, मग ६० बार एकाचे आणि ६० दुसऱ्याचे, असं आलटून पालटून. दोन गेजमधला फरक ३० च्या वर जाऊ द्यायचा नाही. एका बाजूचा सिलिंडर हलका झाला की अंग कलतं, हे तलावात लगेच कळलं. पण कारण तेवढंच नाही. दोघांपैकी एक निकामी झाला तर दुसऱ्यात घरी नेण्याइतकी हवा हवी.

एका बाजूने हवा जोरात सुटायला लागली तर काय, हेही केलं. वॉल्व्ह बंद, श्वास घ्यायचा असेल तेवढाच उघडायचा, पुन्हा बंद. नॉब समोर असल्याने हे शक्य आहे. डावा नवा वॉल्व्ह मागवला त्याचं आज सार्थक झालं, दोन्ही हात एकाच चालीने फिरले.

६ डिसेंबर

समुद्र. दोन डाइव्ह, जास्तीत जास्त १८ मीटर. शिसं ३ किलो, त्यातलं २ कण्यावरच्या पिशवीत.

बोटीवरून नुसत्या हार्नेसमध्ये उडी, मग दोरीने खाली सोडलेले सिलिंडर एकेक करून. आधी खालचा स्नॅप, मग बंजी वॉल्व्हवरून. डावा लगेच लागला. उजव्याला लाटेत तीन प्रयत्न. विंगमध्ये जास्त हवा भरून अंग वर ठेवलं तर बंजीपर्यंत हात पोचत नाही, थोडी सोडली की पोचतो.

८० बारपर्यंत दोन्ही सिलिंडर धडाला समांतर. त्यानंतर हिशेबातले ४०० ग्रॅम दिसले: तलावात जिथे रिंग ठेवून भागलं होतं, तिथे समुद्रात भागेना. दोन बोटं आणखी पुढे घेतली. ५ मीटरवर थांबले तेव्हा डावा ४८, उजवा ५२. विंग रिकामी. जोडीदाराला खूण करून फोटो काढायला लावला. बुडं खाली, फिन सरळ, कोपरं मोकळी.

शिडी चढले. कमरेत कळ आली नाही.

७ डिसेंबर

डी-रिंगच्या समुद्रातल्या जागेची खूण पट्ट्यावर पांढऱ्या दोऱ्याने शिवली, तलावाची काळ्या दोऱ्याने. उजवी बंजी गाठीपाशी खरबरीत झालीय, ती बदलायची. जादा दोन बंजी कापून, गाठी मारून बॅगेत ठेवल्या. लांब होजची सर्वांत खालची घडी पट्ट्यातून निसटते, तिथे एक रबर वाढवून पुढच्या शनिवारी तलावात पुन्हा बघायचं, पुन्हा ५० बारच्या सिलिंडरवर.